सोलरचा कितवा किलोवॉट तोट्यात जातो? उत्तर कोटेशनमध्ये नाही, लाईट बिलात आहे



गेल्या महिन्यात बॅच संपल्यावर एक जण थांबला. चिखलीत स्वतःचं रो-हाऊस, भोसरीत जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप. हातात घरच्या सोलरचं कोटेशन. म्हणाला, "सर, तो म्हणतोय पाच किलोवॉट घ्या, बिल झिरो. घेऊ का?" मी विचारलं, महिन्याला युनिट किती जळतात? म्हणाला, "बिल तीन हजाराच्या आसपास येतं." मी परत विचारलं, युनिट किती? माहीत नव्हतं.

आपल्या पट्ट्यात निगडीपासून चाकणपर्यंत सध्या हेच चाललंय. लोक बिलाची रक्कम बघून सोलर घेतात. विकणाराही रक्कमच बघतो. पण सोलर रुपये बनवत नाही, युनिट बनवतं. त्या युनिटचे रुपये किती होतात ते महावितरणच्या दराच्या रचनेवर ठरतं. या विषयावरचा व्हिडिओ बारा मिनिटांचा आहे, त्यात सगळे आकडे बसले नाहीत. म्हणून हा लेख. कागद-पेन घेऊन बसा.

आधी बिल उलगडू

आपल्या दुकानात जास्त माल घेणाऱ्याला भाव कमी लागतो. घरगुती विजेचं उलटं आहे. जितकी जास्त घ्याल तितका पुढच्या युनिटचा भाव चढा. पायऱ्या चार: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर.

हिशेबासाठी मी २०२४-२५ चे दर घेतोय. त्या वर्षी वीज आकार पहिल्या पायरीला ४ रुपये ७१ पैसे, दुसरीला १० रुपये २९ पैसे, तिसरीला १४ रुपये ५५ पैसे आणि चौथीला १६ रुपये ६४ पैसे होता. त्यावर प्रत्येक युनिटला १ रुपया १७ पैसे वहन आकार. आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. त्यानंतर दर बदलले, पण शंभर-तीनशे-पाचशेच्या पायऱ्या त्याच आहेत. तुमच्या ताज्या बिलाच्या मागे दर छापलेले असतात, ते टाकून हाच हिशेब करा. इंधन समायोजन आकार मी सोडून दिलाय, कारण तो महिन्याला बदलतो.

सगळं मिळून एका युनिटचा खरा भाव असा पडतो:

१ ते १०० युनिट – ६ रुपये ८२ पैसे
१०१ ते ३०० – १३ रुपये २९ पैसे
३०१ ते ५०० – १८ रुपये २४ पैसे
५०० च्या वर – २० रुपये ६६ पैसे

पहिल्या आणि चौथ्या पायरीत तिप्पट फरक आहे. वीज तीच, तार तीच, मीटर तोच.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण दर बॅचमध्ये कुणीतरी हे बोलतंच. "३०१ युनिट झाले की सगळं बिल वरच्या दराने येतं." नाही. इन्कम टॅक्सच्या स्लॅबसारखं आहे. पहिले शंभर पहिल्याच दराने, पुढचे दोनशे दुसऱ्या दराने, फक्त तीनशेच्या वरचे तिसऱ्या दराने.

आता याच्या बाहेर एक रक्कम आहे, स्थिर आकार. सिंगल फेजला साधारण १३० रुपये, थ्री फेजला सव्वाचारशेच्या आसपास, अधिक शुल्क. तुम्ही एक युनिट जाळा नाहीतर पाचशे, ही द्यावीच लागते. सोलर लावलं तरी द्यावी लागते. म्हणून "झिरो बिल" ही जाहिरातीतली गोष्ट आहे. सिंगल फेजला शुल्कासकट दीडशे रुपये येणारच, थ्री फेजला पाचशेच्या जवळ. विकणारा जेव्हा मोठ्या सिस्टिमसाठी थ्री फेज करून घ्या म्हणतो, तेव्हा हा दरमहाचा साडेतीनशेचा फरक कोटेशनमध्ये कुठे धरलाय ते विचारा.

सोलर वरून कापतं

नेट मीटर म्हणजे काय, थोडक्यात. दिवसा छपरावर तयार झालेली वीज आधी घरात वापरली जाते, उरलेली बाहेर लाईनमध्ये जाते. रात्री तुम्ही लाईनमधून घेता. महिनाअखेरीला घेतलेल्या युनिटमधून दिलेले युनिट वजा होतात आणि जे उरतं त्याचं बिल पायऱ्यांप्रमाणे लागतं.

म्हणजे ४२० युनिट जाळणाऱ्या घराने १२० युनिट सौर बनवले, तर त्याला ३०० युनिटचं बिल येईल. कुठले १२० गेले? सर्वात वरचे, १८ रुपये २४ पैसेवाले. सोलर नेहमी वरून कापत खाली येतं. आधी महाग युनिट कापले जातात, मग मधले, शेवटी स्वस्त. बीबीएला आम्हाला मार्जिनल कॉस्ट शिकवली होती, परीक्षेपुरती पाठ केली आणि विसरलो. छपरावर पैसे घातल्यावर ती परत आठवली. ते पुढे सांगतो.

आता प्रत्यक्ष हिशेब. आपल्याकडे एक किलोवॉटमधून वर्षभराच्या सरासरीने महिन्याला १२० युनिट धरतात. पंतप्रधान सूर्यघर योजनेत (फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली) पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० अनुदान मिळतं. तीन किलोवॉटला एकूण ७८,०००. पुढे पाच घ्या नाहीतर दहा, अनुदान ७८,००० च. सिस्टिमची किंमत भारतीय बनावटीच्या पॅनेलसह मी अशी धरतोय: एक किलोवॉट ७०,०००, दोन १,३०,०००, तीन १,८५,०००, चार २,४०,०००. तुमचं कोटेशन वेगळं असेल, ते टाका. अनुदान वजा करून खिशातून जाणारे: ४०,०००, ७०,०००, १,०७,०००, १,६२,०००. म्हणजे पहिला किलोवॉट ४०,००० ला पडला, दुसरा ३०,००० ला, तिसरा ३७,००० ला, चौथा ५५,००० ला.

लोक इथेच चुकतात. पूर्ण सिस्टिमची एकत्र परतफेड काढतात. प्रत्येक किलोवॉट वेगळा कामगार आहे असं समजा आणि प्रत्येकाचा पगार वसूल होतो का बघा.

घर क्रमांक एक, ४२० युनिट. एकत्र कुटुंब, दोन एसी, गिझर. बिल साधारण ५,६८०. सरासरी काढली तर युनिट साडेतेरा रुपये, आणि विकणारा हाच आकडा सगळीकडे गुणतो. खरं काय होतं बघा. पहिला किलोवॉट १८ रुपये २४ पैशांचे १२० युनिट कापतो, महिन्याला २,१८९ वाचले. ४०,००० दीड वर्षात वसूल. दुसरा किलोवॉट १३ रुपये २९ पैशांचे १२० युनिट कापतो, १,५९५ रुपये. ३०,००० एकोणीस महिन्यांत वसूल. तिसरा १८० वरून ६० वर आणतो. त्यातले ८० युनिट दुसऱ्या पायरीचे, ४० पहिल्या पायरीचे. १,३३६ रुपये. अठ्ठावीस महिने. अजूनही उत्तम.

चौथा? उरलेत फक्त ६० युनिट, तेही ६ रुपये ८२ पैशांचे. महिन्याला ४०९ रुपये. त्यासाठी ५५,०००. अकरा वर्षं. तोवर इन्व्हर्टरचं काय होईल ते तुम्हीच धरा.

घर क्रमांक दोन, २६० युनिट. हा चिखलीवाला, नंतर त्याने बिल आणून दाखवलं. पहिला किलोवॉट १,५९५ वाचवतो, २५ महिने. दुसरा ४० युनिट मधल्या पायरीतले आणि ८० खालचे कापतो, १,०७७ रुपये, २८ महिने. तिसऱ्याला कापायला २० युनिट उरतात. महिन्याला १३६ रुपये. ३७,००० वसूल व्हायला बावीस वर्षं! आणि त्याला कोटेशन पाच किलोवॉटचं होतं. दोनमध्ये त्याचं काम होतं. बिल ३,००० वरून २८५ च्या आसपास येतं.

"पण सर, तीनला अनुदान जास्त मिळतंय ना, ७८,०००?" हो, मिळतंय. १८,००० जास्त मिळवायला तुम्ही स्वतःचे ३७,००० घालताय. दुकानदाराला हे समजवायला लागू नये. सेलमध्ये नको असलेली वस्तू स्वस्त मिळाली म्हणून घेण्यासारखं आहे. एकच अपवाद: येत्या वर्षात इलेक्ट्रिक स्कूटर, दुसरा एसी किंवा इंडक्शन नक्की येणार असेल तर ते युनिट आजच धरा. "कधीतरी घेऊ" धरू नका.

घर क्रमांक तीन, ९० युनिट. नवरा-बायको, पंखे, टीव्ही, फ्रीज. एक किलोवॉट लावला तर ६१४ रुपये वाचतात, ४०,००० साडेपाच वर्षांनी वसूल. पॅनेलचं आयुष्य पंचवीस वर्षं धरलं तर हेही वाईट नाही, पण तुमच्या धंद्यात तेच ४०,००० वर्षातून चार वेळा फिरत असतील तर आधी धंद्यात घाला. या गटाला सोलर कमी परवडतं हे सरकारलाही कळतं, म्हणून राज्याने २०२५ मध्ये १०० युनिटच्या आतल्या घरांसाठी 'स्मार्ट' नावाची जादा अनुदानाची योजना आणली. तुम्ही त्यात बसत असाल तर हिशेब नव्याने करा.

माझी चूक, फुकट शिका

आमचं दुकान खाली, घर वर. मी २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास चार किलोवॉट लावलं. ज्याने लावलं त्याने माझं मे महिन्याचं बिल मागितलं, ५२० युनिटचं. त्यावरून चार किलोवॉट काढले. मीही मान डोलावली. प्रशिक्षण देणारा माणूस, आणि बारा महिन्यांची बेरीज केली नाही. वर्षाची सरासरी होती ३४०.

नेट मीटरमध्ये जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात हे सगळे सांगतात. हा जमाखर्च ३१ मार्चला बंद होतो, हे कमी जण सांगतात. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या नियमाप्रमाणे आर्थिक वर्ष संपताना जे युनिट शिल्लक असतील ते कंपनी विकत घेते, पण तुमच्या तेरा-अठरा रुपयांच्या भावाने नाही. आयोगाने ठरवलेल्या वेगळ्या, बऱ्याच कमी दराने.

आता आपलं हवामान बघा. नोव्हेंबर ते मार्च आकाश मोकळं, एसी बंद. युनिट साचतात. माझे पहिल्याच हिवाळ्यात अकराशेच्या आसपास साचले. वाटलं, चला, एप्रिल-मेच्या एसीची सोय झाली. ३१ मार्च २०२५ ला पाटी कोरी. १ एप्रिलपासून एसी चालू. एक महिना आधी गरज लागली असती तर तेरा रुपयांना गेले असते, ते रद्दीच्या भावात गेले. आर्थिक वर्ष आपल्या उन्हाळ्याच्या नेमकं उंबरठ्यावर संपतं, याला कुणाचा इलाज नाही.

मग पावसाळा. जून ते सप्टेंबर निर्मिती पडते, आणि तेव्हा मागची शिल्लक हाताशी नसते, कारण एप्रिल-मेमध्ये तयार झालेलं एसीने खाल्लेलं असतं.

म्हणून माप मेच्या बिलावरून घेऊ नका. बारा महिन्यांचे युनिट जोडा, १,४४० ने भागा (एका किलोवॉटचे वर्षाचे युनिट), आणि जो आकडा येईल त्याच्या थोडं खालीच थांबा. माझी वर्षाची बेरीज ४,०८०. भागिले १,४४०, म्हणजे २.८. अडीच-तीनवर थांबायला हवं होतं. चौथ्या किलोवॉटचे ५५,००० छपरावर ऊन खात पडलेत. बायको अधूनमधून आठवण करून देते.

चाकणच्या खोल्या: सोलरच्या आधी मीटर बघा

हा भाग खास खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, मेदनकरवाडी इथल्या खोलीमालकांसाठी. कंपन्या आल्या, जमिनी गेल्या, उरलेल्या गुंठ्यावर आठ-दहा खोल्या बांधल्या आणि कामगारांना भाड्याने दिल्या. मीटर एकच, आत सबमीटर. मालक युनिटला दहा-बारा रुपये घेतो. भाडेकरू म्हणतात लुटतो, मालक म्हणतो मलाच परवडत नाही. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असू शकतात.

आठ खोल्या, प्रत्येकी ६० युनिट. एका मीटरवर ४८०. बिल: पहिले शंभर ६८२, पुढचे दोनशे २,६५८, वरचे १८० म्हणजे ३,२८३, स्थिर आकार शुल्कासकट १४८. एकूण ६,७७१. मालकाने १२ रुपयांनी गोळा केले ५,७६०. हजार रुपये खिशातून. आणि तिकडे बिहारहून, मराठवाड्यातून आलेला पोरगा ६० युनिटचे ७२० देतोय.

आता प्रत्येक खोलीला महावितरणचा वेगळा मीटर असता तर? ६० युनिट पहिल्याच पायरीत, ४०९ अधिक १४८, म्हणजे ५५७ रुपये. आठ खोल्यांचे ४,४६०. तीच वीज, तेच पंखे, महिन्याला २,३१० कमी. वर्षाचे २७,००० च्या वर. एकही पॅनेल न लावता. आठ गरीब कुटुंबांना एका मीटरवर बसवलं की कागदावर ते एक श्रीमंत कुटुंब होतं, एवढाच हा प्रकार आहे.

उलट बाजूही सांगतो. त्याच एका मीटरवर तीन किलोवॉट लावले तर ३६० युनिट वरून कापले जातात आणि महिन्याला ५,६७५ वाचतात. १,०७,००० एकोणीस महिन्यांत वसूल. विकणारा हे नक्की दाखवेल, आणि आकडा खोटा नाही. पण दोन गोष्टी. एक, भाडेकरूला वीज विकून नफा काढायचा परवाना तुमच्याकडे नाही. वाचलेल्या पैशात त्याचा भाव कमी करणार असाल तर ठीक. दोन, आज सोलर लावलं आणि दोन वर्षांनी खोल्यांना वेगळे मीटर घेतले, तर तुमच्या मूळ मीटरवर कापायला युनिटच राहणार नाहीत. पॅनेल तयार करत राहील, तुम्ही ३१ मार्चला रद्दीचा भाव घेत राहाल. म्हणून आधी ठरवा: मीटर की सोलर. खोल्या स्वतंत्र असतील, स्वयंपाकाची जागा वेगळी असेल, घरपट्टीचे कागद नीट असतील तर मी आधी मीटरकडे जाईन. मीटर वेगळा झाल्यावर ६० युनिटच्या खोलीला सोलर आठ वर्षांनी वसूल होतं, म्हणजे विषयच संपला.

सोसायटीवाल्यांनो, तुमचं सोनं पार्किंगमध्ये आहे

वाकड, पिंपळे सौदागर, मोशी, रावेत. फ्लॅटवाले म्हणतात आमचं छप्पर नाही. बरोबर, तुमचं एकट्याचं नाही. पण लिफ्ट, पाण्याची मोटर, जिना, पार्किंगचे दिवे यांचा कॉमन मीटर बघितलाय कधी? रहिवासी सोसायटीचा कॉमन मीटर घरगुती दरातच येतो, पायऱ्यांसकट. महिन्याला २,००० युनिट जळत असतील तर वरचे १,५०० युनिट चौथ्या पायरीत, २० रुपये ६६ पैशांनी. या पट्ट्यात सोलरसाठी याच्याइतका योग्य मीटर मी पाहिलेला नाही.

दहा किलोवॉट लावले तर १,२०० युनिट, सगळेच्या सगळे सर्वात महाग. महिन्याला २४,७९०. सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक सुविधांसाठी किलोवॉटला १८,००० अनुदान आहे. किलोवॉटला ५५,००० धरले तर साडेपाच लाखांतून १,८०,००० वजा, ३,७०,००० उरले. पंधरा महिने. मेन्टेनन्स वाढवायचा ठराव आणण्याआधी हा कागद सर्वसाधारण सभेत ठेवा. अडचण आकड्यांची नसते, गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्यांची असते.

खाली दुकान असेल तर

दुकानाचा मीटर व्यापारी. तिथे घरगुतीसारख्या पायऱ्या नाहीत, छोट्या दुकानाला पहिलं युनिट आणि पाचशेवं युनिट एकाच दराने, वर शुल्क २१ टक्के. म्हणजे सोलरचा प्रत्येक किलोवॉट सारखंच वाचवतो, वापर संपेपर्यंत. माप काढायला सोपं. पण सूर्यघरचं अनुदान फक्त घरगुती मीटरला. बदल्यात धंद्याच्या नावाने घेतलं तर आयकरात ४० टक्के घसारा मिळतो. मात्र तुम्ही ४४एडीखाली ठरावीक टक्के नफा दाखवत असाल तर घसारा वेगळा मागता येत नाही, कारण तो त्यात धरलेलाच असतो. सीएला विचारा, विकणाऱ्याला नको.

आणि एक जुगाड कृपया करू नका: वरच्या घराला सोलर लावायचं आणि तिथून वायर टाकून खालचा दुकानाचा फ्रीज चालवायचा. घरगुती विजेचा व्यापारी वापर म्हणजे वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर. सापडलं तर लागू दराच्या दुप्पट आकारणी. पाच वर्षांची बचत एका पंचनाम्यात जाते.

कोटेशनमधली दोन गृहीतकं

एक, "विजेचे दर दरवर्षी ८ टक्के वाढणार." पंचवीस वर्षांचा तक्ता या एका ओळीवर उभा असतो. दर वाढलेत, खरं आहे. पण जून २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पहिल्या वर्षी १० टक्के आणि पाच वर्षांत २६ टक्के कपात जाहीर केली. पुढे काय होतं ते होवो, तुम्ही हिशेब शून्य टक्के वाढीवर करा. शून्यावर परवडलं तरच घ्या. वर मी तेच केलंय.

दोन, दिवसाच्या आणि रात्रीच्या युनिटचा भाव कायम सारखाच राहणार. चाकण-भोसरीतल्या कारखान्यांना वेळेप्रमाणे दर नवा नाही. कित्येक वर्षं रात्री १० ते सकाळी ६ ची वीज त्यांना युनिटला दीड रुपया स्वस्त होती, म्हणून फर्नेस रात्री चालायच्या. आता राज्यात दिवसा सौर वीज इतकी झालीय की स्वस्त वेळ दिवसाकडे सरकली. २०२५ च्या दर आदेशात स्मार्ट मीटरवाल्या घरांनाही सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटला ८० पैशांपासून सवलत आली. यातून दिशा कळते: दिवसाची वीज स्वस्त, संध्याकाळची महाग. तुमचं पॅनेल नेमकी दिवसाची बनवतं. म्हणून आकडा काठावर असेल तर लहान सिस्टिम घ्या आणि वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, स्कूटरचं चार्जिंग उन्हात उरका. दिवसा घरात जळलेलं युनिट मीटरपर्यंत जातच नाही, त्याच्या भावाचा वाद कुणी घालू शकत नाही. आपल्याकडे गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असते, धुणं-भांडी-इस्त्री सगळं त्या दिवशी निघतं. तेवढं दुपारी काढा.

लाईट गेली की सोलरही बंद होतं, हे जाता जाता. बॅटरी नसलेली साधी सिस्टिम लाईन बंद झाली की स्वतः थांबते, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. चाकणला वीज जाते म्हणून सोलर घेत असाल तर ते वेगळं दुखणं आहे, त्याला बॅटरी लागते आणि तिचा खर्च वर धरलेला नाही.

कर्जाचं विचारता तर, सूर्यघरसाठी सरकारी बँकांनी तीन किलोवॉटपर्यंत विनातारण कर्ज सुरुवातीला सुमारे ७ टक्क्यांनी आणलं. ७०,००० चे पाच वर्षांचे हप्ते १,४०० च्या आत बसतात. २६० युनिटवाल्याची दोन किलोवॉटची बचत २,६७० आहे. हप्ता बचतीतूनच जातो. ९० युनिटवाल्याची बचत ६१४ आणि ४०,००० चा हप्ता ७९०. त्याला दरमहा खिशातून घालावे लागतील.

चिखलीवाल्याने शेवटी दोन किलोवॉटचं नवं कोटेशन मागवलं. विकणारा म्हणाला, "दोनसाठी आम्ही येत नाही, परवडत नाही." दुसरा मिळाला. पुढच्या आठवड्यात ते कोटेशन ओळ-ओळ वाचू: पॅनेल, इन्व्हर्टर, स्ट्रक्चर, अर्थिंग, कशात काटकसर करतात ते. तोवर महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात, ते एका कागदावर उतरवून बेरीज करून ठेवा.